काडीभर फट

आमचे हे कवळ्या करतात. दात उपटायचं काम पुढच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंचं. ह्यांची खोली दवाखान्याच्या मागे. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचा भुगा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि लहान लहान डब्यांत दात. पुढचे वेगळे, सुळे वेगळे, दाढा वेगळ्या, आणि पांढऱ्या रंगाच्या अकरा छटा. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा फळीवर चौदा प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते आणि चौदाच्या चौदा माझ्याकडे बघून हसत होते. मी मनात म्हटलं, कुठे येऊन पडले मी. एक्केचाळीस वर्षं झाली, अजून तिथेच पडलेय.

ह्यांना सगळे दातोबा म्हणतात. नाव शोभतं. माणूस सदा हसरा. बस चुकली तरी हसणार, दूध उतू गेलं तरी हसणार, मी चिडले तर आणखी हसणार, आणि मग मी आणखी चिडणार. असा आमचा संसार.

आणि असा हा माणूस गाणी लिहितो. लिहोत बापडे, माझं काही म्हणणं नाही. पण गाणी कसली? मरणाची. त्यातही साधंसुधं मरण ह्यांना चालत नाही. ह्यांच्या गाण्यात सूर्य विझतो, चंद्राला वाळवी लागते, धूमकेतू पोरका होऊन भटकतो आणि शेवटच्या कडव्यात गाणाराही जातो. चार कडव्यांत सगळं ब्रह्मांड निकालात काढून हे उठतात आणि विचारतात, "अगं, चहा टाकतेस का? आणि ती खारी बिस्किटं कुठे लपवलीस?"

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लाल पेन अजून पर्समध्ये असतं. ह्यांनी वही पुढे केली की माझा हात आपोआप चालतो. एकदा मी समासात लिहिलं होतं, 'चंद्राला वाळवी लागत नाही. वाळवीला लाकूड लागतं, हवा लागते. चंद्रावर दोन्ही नाही.' हे म्हणाले, "काव्यात चालतं." मी म्हटलं, "काव्यात चालत असेल, माझ्या घरात चालत नाही." तर त्यांनी वाळवी काढून गंज घातला. गंजाला पण हवा लागते, पण म्हटलं जाऊ दे, कुठवर डोकं फोडायचं.

ही गाणी आली कुठून, तर कवळ्यांतूनच आली. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात रोवतात, ते मेणातले दात तोंडात लावून बघतात आणि माणसाला बोलायला लावतात. स, श, फ नीट निघाले की दात जागच्या जागी बसले. बाकीचे कारागीर आकडे म्हणायला लावतात, साठ, एकसष्ट, बासष्ट. ह्यांना त्याचा कंटाळा आला. म्हणून ह्यांनी एक ओळ रचली:

सूर्यसुद्धा संपेल सावकाश,
शेवटी शिल्लक शांत आकाश.

ओळ कामाची होती. स आणि श ठासून भरलेले. पण दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, तोंडात मेण असताना, असलं काही म्हणायला लावायचं म्हणजे कमाल झाली. एका आजींनी ओळ म्हटली, डोळे पुसले आणि ह्यांना झापलं, "मेल्या, मी दात लावायला आलेय, जायला नाही." पण पुढच्या आठवड्यात कवळी न्यायला आल्या तेव्हा ओळ पाठ होती, आणि दुसरी आहे का म्हणून विचारत होत्या. तेव्हापासून हे दर महिन्याला नवी ओळ करायला लागले. ओळींची कडवी झाली, कडव्यांची गाणी झाली.

गाण्यांना चाली दिल्या मास्तरांनी.

मास्तर म्हटलं की लोकांना वाटतं, गाण्याचे मास्तर. कसले गाण्याचे. पोहायला शिकवायचे मास्तर, नगरपालिकेच्या तलावावर. आमचे हे तीस वर्षांचे घोडे झाले तरी पाण्याला भ्यायचे, म्हणून मीच त्यांना मास्तरांच्या ताब्यात दिलं. पंधराव्या दिवशी हे पाठीवर तरंगायला शिकले आणि आकाशाकडे बघत बघत ओळ पुटपुटायला लागले. मास्तर काठावरून म्हणाले, "अरे, तोंड मिट, पाणी जाईल." ह्यांनी तोंड मिटलं नाही. मास्तरांनी ओळ ऐकली, काठावर बोटांनी ताल धरला आणि तीच ओळ गाऊन दाखवली. हे पोहायचं विसरले आणि बुडाले. मास्तरांनी त्यांना मानेला धरून बाहेर काढलं. दोस्ती झाली ती अशी.

मास्तर ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. छाती भरदार, दम इतका की एका श्वासात अख्खं कडवं काढायचे. वाद्यबिद्य काही नाही, समोर टेबल असलं की झालं. आणि त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्या फटीत कायम काडीपेटीतली एक काडी अडकवलेली. तलावावर कुणी मूल खोल पाण्याकडे गेलं की काडी काढायची आणि फटीतून अशी शीळ घालायची की शीळ रस्त्यापलीकडे आमच्या शाळेच्या वर्गात ऐकू यायची. नगरपालिकेने दिलेली शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. गाण्याआधीही तेच. काडी काढून शर्टाच्या खिशात टाकली की समजायचं, आता मास्तर गाणार.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी दुपारी चार वाजता दोघांचा कार्यक्रम असायचा. हे शेजारी बसून हसायचे आणि मास्तर ह्यांचं मरण गायचे. लोक खुर्च्या कमी पडतील म्हणून लवकर यायचे. सगळ्यांचं आवडतं गाणं एकच:

सारे तारे विझून गेले, सांगत नाही कोणी,
आपण बसलो उजेड मोजत, डोळ्यांमध्ये पाणी.

ह्या गाण्यावरून आमच्या घरात सत्तावीस वर्षं भांडण चाललं. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, हे खरं. तो उजेड पोचेपर्यंत तारा विझलेला असू शकतो, हेही खरं. पण आपल्या नुसत्या डोळ्यांना जे तारे दिसतात, ते त्या मानाने जवळचे. त्यांचं आयुष्य मोठं. त्यातले बहुतेक सगळे आज धडधाकट आहेत. मी वहीत लाल अक्षरांत लिहिलं, 'विधान चूक. पुन्हा लिहा.' हे म्हणाले, "तारे जिवंत आहेत म्हटलं तर लोक रडतील कशाला?" मी म्हटलं, "मग नका रडवू." पण माझं ऐकतो कोण. लोक रडत राहिले आणि दर वर्षी मी पहिल्या रांगेत बसून दात-ओठ खात राहिले.

मग मास्तरांचे दात गेले.

हिरड्या खराब झाल्या आणि वर्षभरात एकेक करून सगळे काढावे लागले. ते होतंय न होतंय तोच हृदयाचं निघालं. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही, जपून राहा, वर्ष मिळेल, फार तर दीड. हे आम्हांला मास्तरांच्या लेकीने सांगितलं, कारण मास्तर बोलायचेच बंद झाले होते. ऐंशीला आलेला धट्टाकट्टा माणूस, तोंडापुढे रुमाल धरून गप्प बसायला लागला. मी त्यांना नाना गोष्टी विचारायची आणि ते नुसती मान हलवायचे. मला तर असं भरून यायचं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची.

एक दिवस ते ह्यांच्या खोलीत आले. रुमालाआडून अडखळत म्हणाले, "दातोबा, मला दात करून दे. ह्या वर्षी वर्धापनदिनाला एकदा गायचंय. एकदाच. मग राहिलं तरी चालेल."

वर्धापनदिनाला तीन महिने होते. हिरड्या भरायला दोन महिने जाणार होते. म्हणजे हातात उरले चार आठवडे.

ह्यांनी आयुष्यात एवढ्या कवळ्या केल्या, पण ह्या कवळीसाठी जे केलं ते कुणासाठी केलं नसेल. माप तीनदा घेतलं. दात निवडायला डब्यांतले दात खिडकीत नेऊन उन्हात धरले. मास्तरांच्या रंगाला कुठली छटा जाईल म्हणून मलाच दोन दिवस पिडलं. सुळ्यांना किंचित झिजवलं, ऐंशीच्या माणसाचे दिसावेत म्हणून. दोन्ही जबडे तोंडासारख्या उघडमीट होणाऱ्या पितळी बिजागरीवर चढवून तासन् तास चावून बघितले, म्हणजे हाताने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, प्रदर्शनात ठेवण्यासारखं झालंय." हे तोंड भरून हसले. मेणातल्या चाचणीला मास्तरांनी सूर्यसुद्धा संपेल सावकाश म्हणून दाखवलं, स्वच्छ, खणखणीत. गायला मात्र नकार दिला. मेणावर जोर नको म्हणाले. बरोबरच होतं.

कवळी पक्की झाली आणि मास्तर आमच्या स्वयंपाकघरात आले. रुमाल नव्हता. मोठ्याने माझी चौकशी केली, एक बिस्कीट कडकड करून खाल्लं, दुसरं खाल्लं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी टेबलावर बोटं टेकली आणि गायला सुरुवात केली.

सूर चुकला नाही. शब्द एकही सांडला नाही. पण गाणं काही येईना. बातम्या वाचाव्यात तसं सगळं कोरडं. मास्तरांनी अर्ध्यात बोटं उचलली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. मग दोन्ही कवळ्या काढल्या, रुमालाने पुसल्या, डबीत ठेवल्या आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "झकास झाल्यात रे. जेवायला एक नंबर." आणि चप्पल घालून गेले. जिना उतरताना कठड्याला धरून दोनदा थांबले, ते मी वरून बघितलं.

त्या दिवशी आमचे हे हसले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पुढचे आठ दिवस ह्यांनी कवळीचा पिच्छा पुरवला. टाळूकडून पातळ केली. मागून घासली. पुन्हा पॉलिश केलं. मास्तर रोज यायचे, निमूटपणे तोंड उघडायचे, दोन ओळी गायचे आणि मान हलवायचे. "माझंच काही राहिलं नाही आता," म्हणाले. "दातांना दोष नको देऊस." हे घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. वही उघडायचे, मिटायचे. चाळीस वर्षं मरणावर ओळी पाडणारा माणूस, मरण मित्राच्या घरी येऊन बसलं तर ह्यांना एक शब्द सुचेना. मला राग आला आणि मग दयाही आली. ताटात वाढलेलं तसंच राहायला लागलं, तेव्हा मी ठरवलं की आता आपण पदर खोचायचा.

आमच्याकडे एक जुनी कॅसेट आहे, तेवीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची. दुपारी घेवड्याच्या शेंगा निवडायला बसले आणि ती लावली. भांडणाचंच गाणं लागलं. सारे तारे विझून गेले. मी शेंगा मोडत ऐकत होते. आणि एकदम माझा हात थांबला. मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली.

'सारे'तला स संपता संपता बारीक वारा निघत होता. शीळ म्हणावी इतकी नाही, पण वारा खरा. प्रत्येक 'स'ला. जिथे जिथे ह्यांनी स घातला होता, आणि ह्यांनी तर स पोत्याने ओतलेले, तिथे तिथे तो वारा. तो आला की गाणं लांब कुठेतरी मोकळ्यावर गेल्यासारखं वाटायचं. लोक त्या वाऱ्याला रडत होते. आणि मी इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून नुसती विज्ञानाच्या चुका मोजत होते.

मी शेंगा तशाच टाकल्या आणि कॅसेट घेऊन दवाखान्यात गेले.

"अहो," मी म्हटलं, "फट कुठाय?"

"कसली फट?"

"मास्तरांच्या दातांतली. तुम्ही बुजवलीत."

ह्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं. मग चिडले. हो, चिडले, तेही पहिल्यांदाच. "अगं, फट म्हणजे दोष. लोक माझ्याकडे फटी बुजवायला येतात. मी मास्तरांना जन्मात पहिल्यांदा सरळ दात दिले आणि तू मला..." मी डॉक्टरीणबाईंच्या टेपवर कॅसेट लावली. हे उभ्याउभ्या ऐकत होते. पहिलं कडवं संपलं तेव्हा ते स्टुलावर बसले आणि कपाळाला हात लावला.

"अडतीस वर्षं मी ह्या फटीसाठी लिहिलं," ते म्हणाले, "आणि मला माहीतच नव्हतं."

मग ते हसायला लागले. इतके हसले की डॉक्टरीणबाई हातात पक्कड घेऊन बघायला आल्या, आणि त्यांच्या खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस घेऊन मागे आला.

आता पुढचा प्रश्न. फट किती? फट अरुंद झाली तर वाऱ्याला पुरत नाही, रुंद झाली तर सगळं गाणं शिट्टीतच जातं. मास्तरांचे दात असतानाचे साचे कधीच फोडून टाकले होते. फोटोंत मास्तरांचं तोंड मिटलेलं. हे हैराण. मी म्हटलं, "अहो विद्वान, काडी." आणि टेबलावरची काडीपेटी त्यांच्या पुढ्यात आपटली.

काडी बरोबर बसायची, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. ना सैल, ना घट्ट. ह्यांनी पुढचे दोन दात मेणात नव्याने रोवले, मधे काडी धरून. मास्तरांना बोलावलं. वरचा मेणाचा जबडा लावला आणि काही न सांगता त्यांच्या हातात एक काडी दिली. मास्तरांनी काडीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि जिभेने दात चाचपले. त्यांचे डोळे भरले. त्यांनी काडी फटीत अडकवली. बसली.

मग काडी काढून त्यांनी शीळ घातली. जोर नको असं आम्ही सांगायच्या आत घातली. शीळ खिडकीतून बाहेर गेली आणि तिच्यामागून मेणाचा जबडा उडून प्लास्टरच्या बादलीत पडला. मास्तर बोळक्याने हसत होते, हे हसत होते, आणि मी बादलीतून मास्तरांचे दात काढत होते. "बाई," मास्तर मला म्हणाले, "तलावावर पोरं थांबली असतील बघा."

पक्की कवळी व्हायला सहा दिवस. वर्धापनदिनाला आठ. जमत होतं. पण ह्यांच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी राहिलं होतं. त्या संध्याकाळी मी इस्त्री करत होते. हे शेजारी येऊन उभे राहिले, लहान मुलाने गृहपाठ विसरल्यावर उभं राहावं तसे.

"अगं, एक विचारू? ते तारे... बहुतेक सगळे खरंच शाबूत आहेत ना?"

मी इस्त्री बाजूला ठेवली. सत्तावीस वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते, आणि आला तेव्हा मला टोमणा मारवेना. मी म्हटलं, "आहेत. जवळजवळ सगळे. अगदी ठणठणीत."

"मास्तर तेच गाणं म्हणतो म्हणतायत. विझून गेले. मला ते त्यांच्या तोंडून आता ऐकवणार नाही गं."

"मग बदला."

"ते सगळे असणार आणि आपण नसणार. हे तर आणखी वाईट."

मी जरा विचार केला. मग वर्गात सांगायचे तसं सांगितलं. उजेड दोन्हीकडे जातो. त्यांचा आपल्याकडे येतो तसा आपलाही त्यांच्याकडे निघालेला असतो. आज दुपारी मास्तर हसले, तो उजेड खिडकीतून निघाला. कमी असेल, फिका असेल, पण निघाला. तिथे पोचायला त्याला कैक वर्षं लागतील. तेव्हा आपण कुणी नसू. पण तिथे बघायला कुणी असलंच, तर त्याला मास्तर तेव्हा हसताना दिसतील.

हे उठले. वही घेऊन खिडकीशी जाऊन बसले. मी चार शर्ट, दोन चादरी आणि उशांचे अभ्रे संपवले, तेवढ्यात त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली.

सारे तारे शाबूत अजुनी, आपण तेवढे जाणार,
सावकाश मग तिथे कुणाला हसताना दिसणार.

मी लाल पेन काढलं. समासात लिहिलं, 'विधान बरोबर.' पुढचं मला नीट दिसेना, म्हणून गुण द्यायचे राहिले.

वर्धापनदिनाला मास्तर लेकीच्या हाताला धरून आले. टेबलामागे बसले. हॉल गच्च. मास्तरांनी काडी दातांतून काढली, शर्टाच्या खिशात टाकली, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवर सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मग गायले. दम पूर्वीचा नव्हता, एका कडव्यात तीनदा श्वास घेतला. पण सारेतला स आला आणि त्याच्यामागून तो वारा आला, आणि पहिल्या रांगेत मी, विज्ञानाची बाई, हमसून हमसून रडले. ह्या वेळी गाण्यात एकही चूक नव्हती. मला लपायला जागाच राहिली नव्हती.

लोकांना नवीन ओळी माहीत नव्हत्या. जुन्याच येणार म्हणून रुमाल काढून बसले होते. 'हसताना दिसणार'ला मास्तरांनी मुद्दाम स लांबवला, त्याची शीळ केली, आणि दोन्ही हात वर करून छताकडे बघून खरोखरच हसले, सगळे दात दाखवून, काडीभर फटीसकट. हॉलमधले सगळे वर बघून हसायला लागले. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईसुद्धा, ज्या एरवी शिंकेलाही शांतता राखा म्हणतात. आमचे हे मात्र शेजारी बसून रडत होते. लोकांनी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

एकदाच गायचंय म्हणालेले मास्तर त्यानंतर अकरा महिने गायले. आमच्या स्वयंपाकघरात, दवाखान्यात वाट बघणाऱ्या पेशंटांपुढे, तलावाच्या काठावर खुर्ची टाकून. नवीन मुलांना शीळ शिकवायला बघायचे. मुलांना जमायची नाही, त्यांच्या दातांत फटच नव्हती. मास्तर म्हणायचे, "दातोबाकडे जा, तो करून देईल." एका मुलाची आई खरंच भांडायला आली होती.

ते गेले ते दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत. लेकीने फोन केला तेव्हा रडत रडत तिने एकच गोष्ट विचारली. तोंडातले दात काढायचे का, कारण बाबा सांगून ठेवून गेलेत की काढायचे नाहीत, वर गेल्यावर काडी मिळेल न मिळेल, फट तरी असू दे. ह्यांनी सांगितलं, "त्यांचे आहेत, त्यांच्याबरोबर जाऊ दे."

त्या कवळीची प्लास्टरमधली एक नक्कल ह्यांनी करून ठेवली होती, कवळी मोडलीच तर असावी म्हणून. दवाखान्याच्या मागच्या फळीवर ती आहे. इतर साचे वर्षभराने फोडतात, हा नाही फोडला. लेकीने मास्तरांच्या शर्टाच्या खिशात सापडलेली काडीपेटी आमच्याकडे पाठवली, तिच्यातली एक काडी ह्यांनी प्लास्टरच्या दातांत अडकवून ठेवलीय.

परवा मी डबा घेऊन गेले तर दार अर्धं उघडं होतं. ह्यांनी नवी ओळ लिहिली होती. फळीपुढे उभे राहून त्यांनी ती काडी काढली, आपल्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि ओळ म्हटली. मग थांबले. मास्तरांना ताल धरायला जितका वेळ लागायचा, तितकाच वेळ. मी दारातच उभी राहिले.

"काय म्हणतात मास्तर?" मी विचारलं.

"स कमी पडलेत म्हणतात," हे म्हणाले, आणि पुन्हा वही उघडून बसले.